सांग तुझ्या ड्रायव्हरला

मी लॉरी बोलतेय. ऐकायचं तर नीट ऐका, कारण मला बोलायची हौस मुळीच नाही, आणि तुमची तोंडं बघून ती नव्यानं आलीय असंही नाही. येता, माझ्या सावलीत बसता, कलिंगड फोडून खाता, साली माझ्या पायाशी टाकता आणि जाताना बॉनेटवर थाप मारून "केवढी जुनी आहे ही" असं एकमेकांना सांगता. जशी काही तुम्हीच मला जुनी केलीत. आणि पाय म्हणजे काय, तर बाभळीचे चार ओंडके. धड चाकं मला उरलेली नाहीत. ती कुठे गेली ते पुढे येईलच.

तोंड उघडलंय ते एका निरोपापायी. सित्तना नावाच्या म्हातारीनं तिच्या जावयाला द्यायला सांगितलेला निरोप कित्येक वर्षं माझ्याकडे पडून आहे. ज्याचा आहे त्याला तो मिळालेला नाही. नाहीतर तुमच्यापुढे मी कशाला बोलले असते?

माझा जन्म विलायतेचा. तिथल्या कारखान्यात गाड्यांचे दोन वर्ग असत. एक घरच्या गुळगुळीत रस्त्यांवर मिरवणाऱ्यांचा, आणि दुसरा आमचा, परदेशी पाठवायच्या अवजड गाड्यांचा. आमचा पत्रा जाड, रेडिएटर मोठा, पाट्यांच्या स्प्रिंगा दुप्पट. कामगार म्हणाल तर चहाचे भक्त. भोंगा वाजला की हातातला पाना आहे तिथं टाकून पळायचे. माझा एक बोल्ट त्या भोंग्यापायी अर्धा आवळलेला राहिला, तो पुढं तीस वर्षं खडखडत होता. त्यांचा मुकादम टकल्या होता. त्यानं बॉनेटवर हात ठेवून सगळ्यांना ऐकवलं, "ही जाणार तिथं हिची काळजी घेणारं कुणी नसतं. तेव्हा काळजी घ्यावीच लागू नये, अशी करा." बोलला ते बरोबर, पण स्वारी स्वतः आपल्या गावाच्या वेशीपलीकडे कधी गेलेली नव्हती. न पाहिलेल्या माणसांना नावं ठेवायला काही खर्च येत नाही.

शेजारच्या शेडमध्ये पंपांची छोटी इंजिनं बनत. एका जागी बसवायची, दिवसभर फटफट करत पाणी ओढायचं, जायचं कुठंच नाही. कामगार त्यांना 'डाँकी' म्हणत, म्हणजे गाढव. माझ्या बोटीत त्यांचीही खोकी होती. तीन आठवडे आम्ही शेजारी होतो, पण मी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मी रस्त्यावरची गाडी. गाढवांशी मी काय बोलणार?

पोर्ट सुदानच्या धक्क्यावर उतरले तेव्हा मला धड अंगही नव्हतं. इंजिन, सांगाडा, चाकं, संपलं. बाकीची लॉरी इथल्या सुतार-लोहारांनी ओमदुरमानला बनवली. उंच लाकडी बाजू, लोखंडी पट्ट्या, त्यावर फुलं, फुलांच्या दोन्ही बाजूंना एकेक मगर, आणि पाठीमागे ठळक अक्षरात 'घाई असेल तर चालत ये'. रंगारी स्वतःच्या विनोदावर इतका हसला की मगरीची शेपटी वाकडी झाली. ती तशीच राहिली.

मला विकत घेतलं नहूदच्या हाजी तिजानीनं. डिंकाचा व्यापारी, पोट मोठं, नजर त्याहून मोठी. मी आठ टनांची. हाजी तराजूवर विश्वास ठेवत नसे. तो वाकून माझ्या स्प्रिंगांकडे बघायचा आणि त्यांच्यात थोडा जरी बाक शिल्लक दिसला की म्हणायचा, "हिची कंबर अजून हलते आहे. आणखी दोन पोती टाका." जाताना साखर, येताना डिंक, आणि पोत्यांच्या डोंगरावर माणसं. कुणीतरी एकदा विचारलं, हाजी, माणसांचं वजन? तर म्हणाला, "ते धरायचं नसतं. ती आपली आपण चढतात." अशा माणसाला लोक हाजी म्हणत आणि हात छातीशी नेऊन सलाम करत. मी बारा-बारा टन घेऊन वाळूत रुतत होते, मला कुणी सलाम केल्याचं आठवत नाही.

माझा ड्रायव्हर दफअल्ला. काटकुळा, कमी बोलणारा, कानाजवळ चाव्याची जखम, ती उंटाची. पहिल्या दिवशी तो गाडीत बसला आणि त्यानं काही केलं नाही. नुसता इंजिनाचा आवाज ऐकत बसला. मला वाटलं, हाही बावळटच. पण पुढं कळलं, कुठला आवाज आजचा आणि कुठला कालचा हे त्याला कळायचं. तो अर्धवट बोल्ट त्यानं पहिल्याच महिन्यात शोधला. आवळला मात्र नाही. म्हणाला, "हा वाजतोय तोवर बाकीचं ठीक आहे." बाकीच्यांपेक्षा तो मला थोडा बरा वाटायचा. थोडाच.

मग एका वर्षी सरकारला साक्षात्कार झाला की आजवर सगळा देश डावीकडून गाड्या हाकत होता ते चुकीचं होतं. अमुक तारखेपासून सगळ्यांनी उजवीकडून जायचं. शहरात ठीक असेल. आमच्याकडे नहूदच्या वाटेला रस्ताच नव्हता. वाळूत चाकोऱ्या होत्या, दहा नाहीतर वीस, ज्याला जी मऊ वाटेल ती त्यानं धरायची. त्या तारखेला एक पोलीस भर वाळवंटात खुर्ची टाकून बसला होता. त्यानं हात वर केला.

"उजवीकडून चालव."

दफअल्ला खाली उतरला, चौफेर बघितलं आणि अदबीनं म्हणाला, "कशाच्या उजवीकडून, साहेब?"

पोलिसानं बराच विचार केला. "वाळूच्या," तो म्हणाला.

आता यात हसून सोडून द्यायचं सोडून माझा हा शहाणा ड्रायव्हर नेहमीच्या चाकोऱ्या टाकून खरोखर उजवीकडे गेला. चांगला तासभर. आणि उम्म हशाब नावाच्या चाळीस घरांच्या गावाबाहेर मला चाकांच्या धुऱ्यापर्यंत वाळूत घातली.

तिथं सित्तना भेटली. गाढवावर पाण्याच्या दोन पखाली आणि मागे तिची मुलगी मस्तूरा. सित्तनाचं वय तेव्हा पन्नाशीचं, जीभ मात्र ऐन तारुण्यात.

"पोरा, एवढी वाट सोडून इकडे कशाला आलास?"

"मावशी, सरकारनं सांगितलं उजवीकडून जा."

"सरकार आलंय का ढकलायला?"

"नाही, मावशी."

"मग मूर्ख कोण, सरकार की तू?"

तिनं पखाल सोडून त्याला पाणी दिलं, मग माझ्या रेडिएटरला दिलं, मग गाढवाला. हा क्रम माझ्या लक्षात आहे. मस्तूरानं फांद्या तोडून चाकांखाली घातल्या आणि मी निघाले. पण दफअल्लाचं मन निघालं नाही. त्यानंतर प्रत्येक खेपेला तो वाळूच्या उजवीकडून जाऊ लागला. तिशी उलटून गेलेला माणूस. ज्वारीची कापणी झाली आणि दोघांचं लग्न लागलं. इथल्या रीतीप्रमाणे तो मस्तूराच्या आईच्या अंगणातच राहायला गेला.

आणि इथून माझे हाल सुरू झाले, कारण इथली दुसरीही एक रीत आहे. सासू आणि जावयानं एकमेकांशी बोलायचं नाही. एकमेकांसमोर खायचं नाही. वाटेत समोरासमोर आलेच तर एकानं तोंड फिरवून बाजूला व्हायचं. त्याला आदर म्हणतात. ज्या बाईनं पहिल्या भेटीत त्याला मूर्ख म्हटलं, तिला आता त्याच्याकडे बघायचीही सोय नव्हती. मग दोघांनी काय करावं? मला मध्ये घेतलं.

"ए लॉरी," सित्तना माझ्या डाव्या बाजूला उभी राहून म्हणायची, "सांग तुझ्या ड्रायव्हरला, मीठ संपलंय."

उजव्या बाजूनं बॉनेटखालून आवाज यायचा, "लॉरी, सांग सासूबाईंना, मीठ मागच्या पोत्यात आहे."

"सांग त्याला, या वयात मी गाडीवर चढणार नाही."

"सांग त्यांना, उतरवून दाराशी ठेवलंय."

"सांग त्याला, मग आधी का नाही सांगितलं?"

मधलं अंतर दोन हातांचं. मी कधी कुणाला एक शब्द सांगितला नाही आणि तरी सगळं पोचायचं. मस्तूरा ज्वारीचं पीठ घोटता घोटता हसायची. "दोघं मिळून त्या बिचारीचे कान किटवाल." बिचारी मी नव्हते. मला या लोकांची कीव यायची. साधं मीठ मागायला ज्यांना एका यंत्राचा आडोसा लागतो, त्यांच्याबद्दल काय बोलावं? पण वीस वर्षं चाललं ते. जावयाला ताप आला तर "सांग त्याला, कडू पाला उकळून ठेवलाय". सासूचा गुडघा सुजला तर "सांग त्यांना, अल-उबैदहून तेल आणलंय". भांडणंसुद्धा माझ्या अंगावरून जायची.

सित्तनाचं एक झाड होतं. गोरखचिंच, बुंधा इतका की चार माणसांचे हात पुरायचे नाहीत. आतून पोखरलेलं, वर झाकण. या मुलखात पावसाळ्यात डबक्यांतलं पाणी उपसून अशा झाडांच्या पोटात भरतात आणि उन्हाळ्यात काढतात. प्रत्येक झाडाला नाव, प्रत्येकाची गावच्या शेखच्या वहीत नोंद. सित्तनाच्या झाडाचं नाव अबू करश, म्हणजे ढेरपोट्या. एका झाडाला नाव होतं, आणि मी विलायतेहून आलेली, मला नुसतं "ए लॉरी". हे मला फार लागायचं. वर आणखी लांबच्या डबक्यांतून पिंपं भरभरून त्याच्या पोटात पाणी मीच आणून ओतायचं.

मग सरकारनं गावात बोअर खणलं आणि पंपाला इंजिन बसवलं. बघते तर काय, माझ्या बोटीतल्या खोक्यांपैकीच एक. इथं सगळीकडे अशा जागेला 'दोंकी' म्हणतात. इंग्रजांचा शब्द, यांच्या तोंडात बसला, अर्थ मात्र कुणाला ठाऊक नाही. बाया डोक्यावर मडकी घेऊन म्हणायच्या, "चला गं, दोंकीवर जाऊ." दोंकीवर खरी गाढवं पाणी प्यायला रांगेत उभी राहायची. गाढव गाढवाला पाणी पाजतंय आणि गावात हे कळणारी मी एकटी. मी पोटभर हसले. माझं हसणं त्यांना खडखडाट वाटलं आणि दफअल्लानं स्प्रिंग तपासली.

दोंकी आली तशी लोकांनी झाडं टाकून दिली. झाकणं वाळवीनं खाल्ली, बुंध्यांना भेगा गेल्या. एकटी सित्तना दर पावसाळ्यात सुरूच. "लॉरी, सांग तुझ्या ड्रायव्हरला, ढेरपोट्या अजून अर्धाच आहे." लोक हसायचे, म्हणायचे, काकी, दोंकी असताना झाड कशाला? मीही हसायचे. पिंपांखाली पाठ माझी मोडत होती, त्याचं तिला काही नाही.

मध्ये ते दुष्काळाचं मोठं वर्ष आलं. तिचा थोरला मुलगा हमदान बायको-पोरं घेऊन ओमदुरमानच्या कडेला गेला. दोन महिन्यांसाठी म्हणून गेला. मीच पोचवलं. तिथं पोत्यांच्या आणि पुठ्ठ्यांच्या झोपड्यांची रांग होती, तिच्या शेवटी त्यांना उतरवलं. तो परत आला नाही. त्याचं काय झालं ते कुणाला कळलंही नाही. सित्तना त्याबद्दल कधी बोलली नाही, फक्त ओमदुरमानचं नाव निघालं की उठून झाडाकडे जायची.

वर्षं गेली. डांबरी सडका झाल्या, जपानी पिकअप आल्या. इवल्याशा, पांढऱ्या, त्यांच्यात बसलेला माणूस स्वतःला मंत्री समजतो. हाजी तिजानीला दिसेनासं झालं आणि कारभार त्याच्या मुलाकडे, मुअतसिमकडे गेला. अंगाला अत्तर, हातात किल्ल्या फिरवत बोलायची सवय. त्यानं मला एकदा बाहेरून फिरून पाहिलं आणि दफअल्लाला म्हणाला, "काका, हिला ओमदुरमानच्या भंगारवाल्याला देऊन टाकू. येत्या गुरुवारपर्यंत पोचवा." तीस वर्षं मी त्याच्या बापाचं पोट वाहिलं, त्याचं हे फळ. दफअल्ला "बरं" म्हणाला. तेवढंच. त्या दिवशी मला त्याचाही तिटकारा आला.

शेवटच्या खेपेला तो घरी निरोप घ्यायला उम्म हशाबला वळला. गावाजवळ आलो आणि त्यानं इंजिन बंद केलं. ऐकत बसला. दोंकीचा आवाज येत नव्हता.

तिचा मुख्य दांडाच मधोमध तुटला होता. नहूदचा मिस्त्री येऊन बघून गेला होता. हा भाग आता मिळत नाही, बनवणारा कारखानाच उरला नाही, म्हणाला. पावसाला दोन महिने होते. गावातली सगळी झाडं कोरडी. पाणी होतं ते एकट्या ढेरपोट्यात, आणि सित्तना पहाटेपासून बुंध्याशी बसून चाळीस घरांना मापानं वाटत होती, हसणाऱ्यांनाही. काठी घालून मोजलं तर नऊ दिवसांचं होतं. लोकांनी गाठोडी बांधायला घेतली होती. ओमदुरमान.

मस्तूरा धावत आली. "आई हलत नाही. म्हणते मी इथंच राहणार. तिला सोडून मी कशी जाऊ?"

सित्तना झाडाशेजारून उठली आणि माझ्या डाव्या बाजूला येऊन उभी राहिली. आवाज नेहमीचाच.

"लॉरी, सांग तुझ्या ड्रायव्हरला, मस्तूराला घेऊन जा. आजच. हमदान दोन महिन्यांसाठी गेला होता. मी तशी जाणार नाही."

दफअल्ला माझ्या पायरीवर बसला होता. "लॉरी, सांग सासूबाईंना, ती तुमच्याशिवाय येणार नाही. आणि मी तिच्याशिवाय जाणार नाही."

"सांग त्याला, मग तिघंही इथंच वाळून जाऊ. फार छान होईल."

"सांग त्यांना, मला जरा विचार करू दे."

"सांग त्याला, नऊ दिवस आहेत. कर."

तो उठला. पंपाच्या छपराखाली गेला, मेलेल्या इंजिनाकडे पाहिलं, लोंबणारा चामडी पट्टा हातात धरून ओढून पाहिला. मग वळून माझ्या मागच्या चाकाकडे बघत राहिला. ती नजर मला कळली. माझ्या अंगातलं सगळं तेल थंड झालं. भंगार परवडलं, असं मला वाटलं. भंगारवाल्याकडे निदान मी लॉरी म्हणून मेले असते.

त्यानं मला उलटी नेऊन छपराला भिडवली. धुऱ्याखाली ओंडके घातले, एका बाजूची चाकं साखळीनं जखडली, दुसऱ्या बाजूचे टायर उतरवून नुसत्या लोखंडी कड्यावर पट्टा चढवला. दोंकीचं डिझेल पिंपात पडून होतं. त्यानं मला सुरू केलं. आधी गंजाचं लाल पाणी आलं, मग गढूळ, मग स्वच्छ. बाया मडक्यांकडे धावल्या. गाढवं येऊन माझ्यासमोर प्यायला लागली. त्यातल्या एकानं पाणी पिऊन झाल्यावर माझ्या मडगार्डाला अंग घासलं. जातभाई ओळखला असावा.

पण दफअल्लाला ठाऊक होतं की गुरुवार उलटला की मुअतसिम येणार आणि मला घेऊन जाणार. म्हणून त्यानं पुढचं काम केलं, त्याबद्दल मी त्याला कधी क्षमा केली नाही. ज्यानं तीस वर्षं परक्याला माझ्या बॉनेटला हात लावू दिला नाही, त्यानं गावच्या लोहाराला बोलावलं. पुढचा धुरा काढून त्याच्या कुदळी केल्या. स्टिअरिंगचा दांडा काढून ढेरपोट्यातलं पाणी शेंदायच्या कप्पीला लावला. आणि माझे सहा टायर आणि एक स्टेपनी कापून वहाणा केल्या. इथं टायरच्या वहाणा सगळेच घालतात. तीन दिवस तो आणि लोहार छपराखाली बसून कापत होते, आणि मी त्यांच्या शेजारी उभी राहून पाणी ओढत होते.

मुअतसिम शनिवारी आला. पिकअपमधून उतरला, किल्ल्या फिरवायच्या विसरला.

"काका, हे काय केलंत?"

"पाणी," दफअल्ला म्हणाला.

"टायर कुठायत?"

अख्खं गाव समोर उभं होतं. मुअतसिमनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, मग त्याची नजर खाली गेली. चाळीस घरांच्या पायांत माझे टायर होते. नक्षीसुद्धा तीच.

"ही माझ्या बापाची गाडी आहे," तो म्हणाला.

"आहेच. क्रेन आणा आणि न्या. एवढ्या वाळूत क्रेन येईपर्यंत पाऊस येईल."

"या लोकांना नहूदला यायला सांगा ना. तिथं पाणी आहे. मी काय कुणाला तहानेनं मारतोय का?"

त्यावर सित्तना पुढं झाली. मुअतसिम तिचा जावई नव्हता, त्याच्याशी बोलायला तिला मोकळीक होती. "तिजानीच्या पोरा, जागा सोडलेल्या माणसाचं काय होतं ते मला विचार. आणि गाडीचं म्हणशील तर तुझ्या बापानं हिच्या पाठीवर बारा-बारा टन लादले, तेव्हा कुणी हिच्या वतीनं बोलायला आलं नव्हतं. हिनं तुमचं पुष्कळ केलं. आता आमचं करू दे."

जन्मात पहिल्यांदा कुणी माझी बाजू घेतली, आणि घेतली कुणी, तर या म्हातारीनं. मला त्याचं काय करावं ते कळेना.

"काका, मला पोलिसात जावं लागेल," मुअतसिम म्हणाला. तो वाईट नव्हता, नुसता पोकळ होता.

"जा. मी येतोच बरोबर. चोरी केली तर केली म्हणेन."

दफअल्लानं मस्तूराला काहीतरी हळूच सांगितलं, माझ्या बॉनेटशी येऊन कान लावला, तो बोल्ट अजून वाजतोय का ते ऐकलं, आणि जाऊन पिकअपच्या मागच्या हौद्यात बसला. इतकी वर्षं गाडी चालवलेला माणूस, पहिल्यांदाच हात मांडीवर ठेवून. त्याला माझ्या बाजूनं जावं लागलं तेव्हा सित्तनानं रीतीप्रमाणे तोंड फिरवलं होतं. दोघांमध्ये मी. दोन हातांचं अंतर. तोही थबकला होता, काही ऐकू येतंय का म्हणून. ती बोलली नाही. माणसांचं हे मला कधी उमगलं नाही. मिठापायी वीस वर्षं माझे कान खाल्ले, आणि बोलायचं तेव्हा गप्प.

पिकअप गेली. धूळ बसली. लोक मडकी भरायला लागले. मग ती माझ्या डाव्या बाजूला आली.

"लॉरी," ती म्हणाली, "सांग तुझ्या ड्रायव्हरला..."

आणि थांबली. उजव्या बाजूनं उत्तर येणार नव्हतं हे तिला दिसत होतं. तरी तिनं सांगितलं.

"सांग त्याला, पहिल्या दिवशी मी त्याला मूर्ख म्हटलं ते माझं चुकलं. आणि सांग, हमदान माझ्या पोटचा. पण मुलगा म्हटलं की मला हाच दिसतो."

तिनं बॉनेटवर हात ठेवला. इंजिन तापलेलं होतं, चटका बसला असणार, पण तिनं हात काढला नाही. मी फटफटत राहिले.

पाऊस आला. एकही घर ओमदुरमानला गेलं नाही. नहूदला दफअल्ला काही महिने कोठडीत होता, मग आंधळ्या हाजीनंच तक्रार मागे घेतली. म्हणाला म्हणे, मला न विचारता पोरानं गाडी भंगारात काढलीच कशी? पण मालकाची गाडी मोडणाऱ्या ड्रायव्हरच्या हाती परत स्टिअरिंग कोण देणार? तो पोर्ट सुदानला गोदीत हमाली करायला गेला. मस्तूराही त्याच्याकडे गेली. पुढच्या ईदला येतो म्हणाले होते. त्याआधी एका सकाळी सित्तना ढेरपोट्याच्या बुंध्याशी बसल्या बसल्या गेली. त्या वर्षी झाड काठोकाठ भरलेलं होतं.

दफअल्ला आला तो दुखवट्याला. लोकांत बसला, हात पुढं करून फातिहा म्हणाला, ज्वारीच्या पिठाचं असीदा खाल्लं. मग उठून माझ्याकडे आला आणि उजव्या बाजूला उभा राहिला, जिथं नेहमी उभा राहायचा. केस सगळे पांढरे झाले होते.

"लॉरी," तो म्हणाला, "सासूबाई काही म्हणाल्या का?"

आणि थांबला. वीस वर्षं थांबायचा तसाच, उत्तर येईल म्हणून. माझ्याकडे उत्तर होतं. शब्द न् शब्द होता. आयुष्यभर ज्यांच्या निरोपांना मी नाकं मुरडली, त्यांचा हा एकच निरोप मला खरोखर पोचवायचा होता. मी जीव खाऊन प्रयत्न केला. त्यानं मान तिरकी करून ऐकलं, खिशातून पाना काढला आणि तो बोल्ट, जो त्यानं कधीच आवळला नव्हता, तो घट्ट आवळला. त्याला वाटलं, त्याचा खडखडाट होतोय. मग बॉनेटवरून हात फिरवून निघून गेला. तेव्हापासून माझा तेवढाही आवाज गेला.

बाया अजून येतात. "चला गं, दोंकीवर," म्हणतात, म्हणजे माझ्यावर. अर्थ मला एकटीलाच ठाऊक आहे. एका जागी उभं राहून पाणी ओढणारं गाढव, तेच मी आहे. आता मला त्याचं फारसं काही वाटत नाही.

तुमच्यातलं कुणी पोर्ट सुदानला गेलं, तर गोदीत बघा. काटकुळा म्हातारा, कानाजवळ उंटाच्या चाव्याची खूण. तुम्ही विसराल, मला माहीत आहे, तुमची जातच तशी. तरी सांगते. त्याच्या समोर नका जाऊ, डाव्या बाजूला उभे राहा आणि त्याच्याकडे न बघता म्हणा, सासूबाई म्हणाल्या होत्या.